बेसिन किती उंचीवर घ्यायचं? निवडीपासून बसवण्यापर्यंत

घराचं काम काढलं की टाइल्सच्या रंगावर आठवडाभर चर्चा होते, नळ बघायला चार दुकानं पालथी घातली जातात, पण बेसिनच्या उंचीचा विषय सहसा निघतच नाही. प्लंबर हाताच्या सवयीने ३२ इंचावर पेन्सिलने खूण करतो आणि पुढची पंधरा-वीस वर्षं सगळं घर त्या खुणेपुढे वाकतं. ३२ इंच हे माप चुकीचं नाही. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या माणसाला ते व्यवस्थित जमतं. पण त्याच घरात पावणेसहा फुटांचा मुलगा असेल, तर रोज दात घासताना आणि दाढी करताना तो कंबरेतून वाकलेला असतो. कंबर आधीच दुखरी असेल तर हे वाकणं चांगलंच जाणवतं.

उंची ठरवणं अवघड नाही आणि त्याला जादा पैसेही लागत नाहीत. फक्त ती वेळेवर ठरवावी लागते, म्हणजे भिंतीला झिऱ्या मारून पाईप टाकायच्या आधी. टाइल्स लागल्यावर ‘जरा वर घ्या ना’ म्हणण्यात अर्थ नसतो.

आधी घरातली कोपरं मोजा

बेसिनची उंची म्हणजे त्याच्या वरच्या काठाची उंची, आणि ती मोजायची तयार फरशीपासून. ओट्याची, ब्रॅकेटची किंवा नळाची उंची हा वेगळा हिशेब आहे. दुकानदार, सुतार, प्लंबर आणि तुम्ही, चौघेही एकाच काठाबद्दल बोलताय याची खात्री करून घ्या. निम्मे घोटाळे इथेच होतात.

आता घरात जो कोणी ते बेसिन रोज वापरणार आहे त्याला भिंतीला पाठ लावून सरळ उभं करा. बाथरूममध्ये चप्पल घालायची पद्धत असेल तर चप्पल घालूनच. हात कोपरात काटकोनात दुमडायला सांगा आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेपने मोजा. साधारणपणे हे माप माणसाच्या एकूण उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास येतं: पाच फुटी व्यक्तीचं सुमारे ३८ इंच, पाच फूट चार इंचवाल्याचं सुमारे ४० आणि पाच फूट नऊ इंचवाल्याचं ४३ ते साडेत्रेचाळीस. त्यातून ६ ते ७ इंच वजा करा. जे उरेल ती त्या व्यक्तीला सोयीची काठाची उंची. म्हणजे अनुक्रमे ३२, ३४ आणि ३६-३७ इंच.

ही वजाबाकी कशासाठी, तेही सांगतो. हात धुताना पंजे कोपरापेक्षा खाली असले तर पाणी बोटांवरून बेसिनमध्येच पडतं. काठ फार वर असला की पंजे वर उचलावे लागतात आणि साबणाचं पाणी मनगटावरून उलटं कोपराकडे ओघळतं, तिथून थेंब थेंब फरशीवर आणि पायावर. बाही दुमडलेली असली तरी भिजते. ज्या घरात बेसिनसमोरची फरशी कायम ओली असते, तिथे बऱ्याचदा गळती कुठेच नसते, बेसिन उंच असतं. उलट काठ फार खाली असला की फरशी कोरडी राहते, पण पाठीला त्रास होतो.

घरात चार जणांची चार मापं येणारच. अशा वेळी सरळ सरासरी काढू नका. ते बेसिन सर्वांत जास्त कोण वापरतं, आणि वाकायला सर्वांत जास्त त्रास कुणाला होतो, हे दोन प्रश्न विचारा. आई पाच फूट, बाबा पाच-आठ, मुलगी पाच-तीन अशा घरात ३३ ते साडेतेहतीस इंच सगळ्यांना चालून जातं. दोन बाथरूम असतील तर एक बेसिन ३२ ला आणि दुसरं ३५ ला घ्यायला काहीच हरकत नाही. दोन्ही सारखीच असावीत असा नियम नाही. जेवणाच्या खोलीजवळचं हात धुवायचं बेसिन मात्र पाहुण्यांपासून नातवंडांपर्यंत सगळेच वापरतात, तिथे ३१ ते ३२ ठीक. लहान मुलांसाठी म्हणून मुख्य बेसिन खाली आणू नका. मुलं चार वर्षांत वाढतात. तोवर न घसरणारं एक बुटकं स्टूल ठेवा.

मापावर विश्वास बसत नसेल तर तालीम करून बघा. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, खाली वह्या-पुस्तकं घालून त्याचा वरचा काठ हव्या त्या उंचीला आणा. मग तिथे उभं राहून खरोखर दात घासल्यासारखं करा, चूळ भरायला वाका, दोन्ही ओंजळींनी तोंडावर पाणी मारायचा अभिनय करा. एक इंच इकडे-तिकडे केल्यावर फरक लगेच कळतो. घरातल्या आजींनाही हे करायला लावा. त्या ‘मला काय, कसंही चालेल’ म्हणतील, पण उभं राहिल्यावर त्यांचे हात काय करतात ते बघा.

कुठलं बेसिन? उंचीच्या नजरेने बघा

भिंतीवर टांगायचं बेसिन नवख्यांसाठी सर्वांत सोयीचं. हव्या त्या उंचीवर बसतं, खाली जागा मोकळी राहते, पुसायला सोपं. त्याखालचा ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याचा जोड, दिसतो हे खटकत असेल तर हाफ पेडेस्टल, म्हणजे अर्धा खांब, घ्या. ते भिंतीलाच लागतं, त्यामुळे उंचीचं स्वातंत्र्य जात नाही.

पूर्ण पेडेस्टल, म्हणजे जमिनीपर्यंत खांब असलेलं बेसिन, दिसायला छान. पण त्याची उंची कारखान्यातच ठरलेली असते. दुकानात खांबावर बेसिन ठेवायला सांगा आणि टेपने मोजा. ३१-३२ भरलं आणि तुम्हाला ३४ हवं असेल, तर खांबाखाली ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा तेवढ्या जाडीचा तुकडा पक्का बसवून उंची मिळवता येते. मात्र हे फरशी घालतानाच व्हायला हवं.

सर्वांत जास्त फसगत होते ती टेबलटॉप बेसिनमध्ये, म्हणजे ओट्यावर ठेवलेल्या भांड्यासारख्या वाडग्यात. सुतार ओटा करतो ३० किंवा ३२ इंचांचा, कारण ओटा तेवढाच करायची त्याला सवय. त्यावर साडेपाच इंचांचा वाडगा येतो आणि काठ जातो ३६-३७ वर. पाच फुटी बाई त्या बेसिनपुढे हात वर करून उभी राहते. हे टाळायचं तर उलट्या बाजूने चला. काठ हवा ३३ ला, वाडग्याची उंची साडेपाच इंच, म्हणजे ग्रॅनाइटचा वरचा पृष्ठभाग साडेसत्तावीस इंचांवर. ग्रॅनाइट पाऊण इंच जाड, म्हणजे खालचं कपाट पावणेसत्तावीसपर्यंतच. हा आकडा ऐकून सुतार हमखास म्हणेल, ‘फार खाली होतंय.’ ठाम राहा. त्या कपाटाच्या वरच्या भागात ट्रॅप आणि पाईप येणार, म्हणून तिथे पूर्ण खोलीचा ड्रॉवर काढायला लावू नका. आणि वाडगा प्रत्यक्ष विकत घेऊन, मोजून, मगच ओट्याचं माप द्या. कॅटलॉगमधल्या मापावर ओटा बांधला आणि ऐनवेळी ते मॉडेल मिळालं नाही, तर सगळा हिशेब कोलमडतो.

दगडाखालून बसणाऱ्या अंडरकाउंटर बेसिनला हा प्रश्न नाही. तिथे ओट्याचा पृष्ठभाग हाच काठ. हात त्याच्या आत खाली जातात, म्हणून ओटा नेहमीपेक्षा इंचभर वर घेतला तरी चालतो. ओट्यावरचं पाणी थेट आत पुसून घेता येतं. मला रोजच्या वापरासाठी घरात हाच प्रकार सर्वांत पटतो. वाडगा दिसायला देखणा, पण त्याच्या बुडाशी ओट्यावर साचणारी साबणाची रेघ रोज कुणीतरी घासावी लागते, आणि ते ‘कुणीतरी’ बहुतेक घरांत एकच माणूस असतं.

नळ बेसिनबरोबरच निवडा, नंतर नको. साध्या बेसिनला बुटका पिलर कॉक (एकाच पाण्याचा उभा नळ) किंवा मिक्सर (गरम-थंड एकत्र देणारा) लागतो, टेबलटॉपला उंच बॉडीचा. नळाचं पाणी जाळीच्या आसपास पडलं पाहिजे. मागच्या उतारावर पडलं तर हात बेसिनच्या मागच्या भिंतीला घासतात, आणि उथळ वाडग्यात उंचावरून पडलं तर शिंतोडे थेट पोटावर. बेसिनला नळाचं भोक आहे का, एक आहे की तीन, तेही बघा.

दुकानात आणखी दोन गोष्टी करा. बेसिन हातात धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर चांगलं, भद्द आवाज आला तर आत बारीक तडा असण्याची शक्यता. दुसरं, बेसिनची भिंतीला लागणारी मागची कड सपाट जमिनीवर किंवा काचेवर टेकवून बघा. कड वाकडी असेल तर भिंतीशी फट राहणार आणि ती फट कितीही सिलिकॉन भरलं तरी वाईटच दिसणार. मोठ्या नामांकित कंपन्यांच्या मालातही एखादा नग असा निघतो, म्हणून तुमचा नग तुम्हीच निवडा.

लहान बाथरूममध्ये मोठं बेसिन कोंबू नका. बेसिनच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान १५ इंच हवेत, १८ मिळाले तर उत्तम, म्हणजे तोंड धुताना कोपर भिंतीला आपटत नाही. समोर उभं राहायला दोन फूट मोकळे ठेवा. दार आत उघडत असेल तर त्याचा पल्ला फरशीवर खडूने आखून बघा.

टाइल्सच्या आधीचं काम

पाईप टाकायच्या दिवशी तुम्ही साइटवर हजर असायला हवं. कामाच्या इतर दिवशी नसलात तरी चालेल.

त्या दिवशी फरशी घातलेली नसते, त्यामुळे जमिनीपासून मोजायचं नाही. गवंड्याने भिंतीवर सगळीकडे एक लेव्हलची रेघ मारलेली असते, तयार फरशीपासून ठरावीक उंचीवर, बहुतेकदा तीन फूट किंवा एक मीटर. ती नेमकी किती आहे ते विचारा आणि बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा खाली असणार आहे का, तेही. खोलगट बाथरूममध्ये अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज पडतो. रेघ ३६ इंचांची असेल आणि तुमचा काठ साडेतेहतीसला हवा असेल, तर रेघेपासून अडीच इंच खाली काठाची खूण करा आणि शेजारी ‘बेसिन काठ’ असं ठळक लिहा.

आता पाईपांच्या जागा. सांडपाण्याचा पाईप भिंतीत तयार फरशीपासून १९ ते २० इंचांवर, बेसिनच्या बरोबर मध्यरेषेवर घ्या. बॉटल ट्रॅपची उभी नळी थोडी खाली-वर सरकते, त्यामुळे या एका उंचीवर ३२ पासून ३५-३६ पर्यंतचा काठ बसतो. पाईप जास्त वर घेतला तर पुढे बेसिन खाली आणता येत नाही, म्हणून जरा खालीच बरा. त्याला फुटाला पाव इंच उतार हवा. अँगल कॉकच्या, म्हणजे बेसिनखाली पाणी बंद करायच्या छोट्या नळांच्या, जागा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच, उंची २२ इंचांच्या आसपास. गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे. टेबलटॉपखाली कपाट असेल तर हे सगळे बिंदू कपाटाच्या मधल्या फळीवर किंवा ड्रॉवरवर आदळत नाहीत ना, ते सुताराच्या चित्राशी ताडून बघा. आमच्या उदाहरणातल्या साडेसत्तावीस इंचांच्या ओट्यावर काठ ३३ लाच आहे, म्हणून पाईपची उंची तीच राहते.

भिंत कशाची आहे हे याच वेळी माहीत करून घ्या. जुन्या विटांच्या भिंतीत चांगल्या प्रतीचे प्लग आणि बोल्ट घट्ट बसतात. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या चार इंची असतात. त्यात साधा प्लग काही महिन्यांत सैल होतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचे खास लांब प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा, किंवा भिंतीच्या पलीकडून प्लेट लावून आरपार बोल्ट घ्या. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याची भिंत असेल तर जांभ्याला आत पोकळ्या असतात. तिथे ड्रिल करून ठोकलेल्या प्लगपेक्षा सिमेंटमध्ये गाडलेला लांब रॅग बोल्ट भरवशाचा, फक्त त्याला दोन-तीन दिवस पाणी मारून वाळू द्यायचा आणि त्याआधी बेसिन टांगायचं नाही.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्लंबरकडून पाईपला प्रेशर टेस्ट करून घ्या. मग टेप भिंतीला उभा धरून, आकडे दिसतील असे उघड्या पाईपांचे फोटो काढा. पुढे आरसा, टॉवेल रॉड किंवा बेसिनच्याच बोल्टसाठी ड्रिल मारताना पाईप कुठून गेलाय हे त्या फोटोतच दिसेल.

प्रत्यक्ष बसवताना

टाइल्स लागून फरशी झाली की पुन्हा एकदा तयार फरशीपासून मोजा. आधीच्या खुणेवर विसंबू नका.

भिंतीवरच्या बेसिनसाठी: बेसिन जमिनीवर जाड पुठ्ठ्यावर पालथं ठेवा, म्हणजे काठ खाली येईल. काठापासून मागच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ४ इंच भरलं आणि काठ हवा साडेतेहतीसला, तर बोल्टची रेघ साडेएकोणतीस इंचांवर. दोन्ही खुणा स्पिरिट लेव्हलने एका रेषेत आणा. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे ड्रिल घसरत नाही. टाइल भेदेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा आणि टाइलचा बिट सावकाश चालवायचा. आतल्या प्लास्टरपर्यंत पोचल्यावर मग बिट बदलून हॅमर सुरू. प्लग टाइलच्या जाडीच्या मागे, आत भिंतीत गेला पाहिजे. तो टाइलमध्येच फुगला तर टाइल तडकते, कधी त्याच दिवशी, कधी महिन्याने.

नळ, वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारा जोड) आणि कनेक्शन पाईप बेसिन खाली असतानाच लावून घ्या. भिंतीवर गेल्यावर मागे हात पोचत नाही. इथे एक बारीक गोष्ट दुकानातच बघायला हवी. बेसिनला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जायचं, भोक असेल तर हाफ थ्रेड कपलिंग लागतं, ज्याच्या बाजूला फटी असतात. ओव्हरफ्लो नसेल तर फुल थ्रेड. उलटसुलट लागलं तर एका बाबतीत ओव्हरफ्लोचं पाणी जायला वाट राहत नाही आणि दुसऱ्या बाबतीत फटीतून गळत राहतं. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा, नाहीतर नट फिरवताना तो सुटून येतो.

बेसिन बोल्टवर चढवल्यावर प्लास्टिकचा वॉशर घालूनच नट आवळा. आधी हाताने, मग दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या. काठावर लेव्हल ठेवून बघत जा. सिरॅमिक जास्त आवळलं तर तडकतं. ते टांगायचं काम बोल्टचं, घट्ट दाबून धरायचं नाही. मग ट्रॅप जोडा आणि भिंतीशी असलेल्या फटीत बुरशीरोधक सिलिकॉन भरा. पांढरं सिमेंट भरायची जुनी पद्धत आहे, पण ते काही दिवसांत भेगाळतं आणि पुढे कधी बेसिन काढायचं झालं तर फोडूनच काढावं लागतं. सिलिकॉन लावल्यावर २४ तास त्यावर पाणी नको.

दुसऱ्या दिवशी जाळी बंद करून बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खाली प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. थेंब असला तर कागदावर लगेच डाग उमटतो, नुसत्या डोळ्याला तो दिसतोच असं नाही. पाणी घुमत राहिलं, उतरायला वेळ लागला, तर उतारात गडबड आहे. प्लंबरचे शेवटचे पैसे या परीक्षेनंतर द्या.

म्हातारी माणसं आणि चाकाची खुर्ची

वयस्कर माणसं तोंड धुताना डोळे मिटतात आणि तोल सावरायला बेसिनचा काठ धरतात. हे सगळीकडे होतं, आणि टांगलेलं बेसिन त्यासाठी बनवलेलं नसतं. शेजारी, हाताला सहज लागेल अशा जागी पक्क्या भिंतीत आधाराचा दांडा बसवा. हा खर्च वाचवू नका. चार इंची ब्लॉकच्या भिंतीत दांडाही आरपार बोल्टनेच लावायचा.

चाकाच्या खुर्चीसाठी काठ ३४ इंचांपेक्षा वर नको आणि बेसिनखाली गुडघ्यांसाठी निदान २७ इंच उंच मोकळी जागा हवी. म्हणजे भिंतीवरचं, पुढे आलेलं, उथळ बेसिन घ्या, पेडेस्टल आणि कपाट दोन्ही नको. ट्रॅप भिंतीलगत मागे घ्या. गरम पाण्याच्या पाईपला वेष्टन गुंडाळा, कारण पायाला संवेदना कमी असेल तर पाईप लागून भाजलेलं कळतही नाही. अशा घरात आखूड मूठ फिरवायच्या नळापेक्षा लांब दांडीचा नळ सोपा पडतो.

आरसा सगळ्यात शेवटी लावा. सर्वांत बुटक्या माणसाची हनुवटी आणि सर्वांत उंच माणसाचा भांग दोन्ही दिसतील एवढा उभा आरसा घेतला की उंचीवरून वाद होत नाहीत.

बेसिन बसवल्यावर आठवड्याने एकदा खाली वाकून ट्रॅपचे नट हाताने चाचपा, सैल वाटले तर हातानेच आवळा. बोअरचं पाणी असेल तर नळाच्या तोंडाची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी काढून थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, पांढरा क्षार सुटतो आणि धार पुन्हा सरळ पडते. ॲसिड मात्र नळाच्या चकाकीजवळही नेऊ नका.